हौशी माणसाचे ताम्रपट

जत्रेला तीन प्रकारची माणसे जमतात असे आपल्याकडे म्हणतात : हौसे, नवसे आणि गवसे. हौसा मौजेखातर येतो, नवसा देवाला बोललेले फेडावयास येतो आणि गवसा काही हाती लागते का ते पाहावयास येतो. कलेच्या जत्रेतही हेच तिघे भेटतात. कोण कोणत्या मनाने आला आहे हे ओळखणे हे टीकाकाराचे पहिले काम. आपण मात्र तिघांनाही ‘हौशी’ म्हणून मोकळे होतो. देवळाच्या उत्सवात रात्री नाटक होते. त्यात दुकानदार राजा होतो, मास्तर प्रधान होतो आणि माझ्यासारखा एखादा वकील न्यायाधीशाची भूमिका हक्काने मागून घेतो. पाठांतर चुकले तरी प्रेक्षक म्हणतात, “हौशी मंडळी आहेत, चालायचेच.” या ‘चालायचेच’मध्ये प्रेम आहे यात शंका नाही, परंतु त्यात थोडी उपेक्षाही आहे. ज्याला सारेच माफ, त्याच्या कामाची खरी परीक्षा कोणी करीत नाही.

अशी परीक्षा करून पाहावी असा एक हौशी मनुष्य अठराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. काँत द केलूस (१६९२–१७६५) हे त्याचे नाव. प्राचीन ईजिप्त, एत्रुरिया, ग्रीस आणि रोम येथील वस्तूंची चित्रे व त्यांवरील टिपणे असलेला त्याचा ग्रंथ १७५२ ते १७६७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाला. तिसऱ्या खंडापासून त्यात गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्याच, अवशेषांची भर पडली. पूर्वी हे खंड परदेशी गेल्याशिवाय दृष्टीस पडणे कठीण होते. आता युरोपातील ग्रंथालयांनी त्यांच्या पानांची छायाचित्रे सर्वांस खुली केली असल्यामुळे फोंड्यात बसूनही ते चाळता येतात. न्यायालयाच्या सुट्टीत मी ते चाळले आणि त्याबरोबर केलूसने स्वतःच्या हाताने केलेली मुद्राचित्रेही पाहिली. त्यांतून माझे जे मत बनले ते प्रथमच सांगून टाकतो. जेथे हा मनुष्य स्वतः हात काळे करून प्राचीन वस्तूंची सेवा करीत राहिला तेथे तो मोठा ठरला. जेथे तो कलावंतांना आज्ञा देऊ लागला तेथे त्याचे हसे झाले. हौशी माणसाच्या अधिकाराची सीमा नेमकी कोठे, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या होत असेल.

केलूस खानदानी सरदार. तरुणपणी त्याने सैन्यात नोकरी केली, लढाया पाहिल्या आणि १७१४ च्या तहानंतर तलवार खाली ठेवली. मग तो इटलीत हिंडला, पुढे तुर्कस्तानात गेला आणि एफेससचे अवशेष त्याने डोळ्यांनी पाहिले. पॅरिसला परतल्यावर श्रीमंत सरदाराने जे करावयाचे ते न करता तो चित्रकारांच्या संगतीत बसू लागला आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रे काढण्याची विद्या शिकला. १७३० मध्ये लिओनार्दोच्या विकट चेहऱ्यांच्या रेखाटनांवरून त्याने केलेली मुद्राचित्रे मारिएत या जाणकार संग्राहकाच्या प्रस्तावनेसह निघाली. मूर्तिकार बूशार्दों याने पॅरिसच्या रस्त्यांवरील फेरीवाल्यांची चित्रे काढली होती. १७३७ ते १७४६ या काळात पाच संचांत निघालेल्या त्या साठ चित्रांचे तांब्यावरील रेखन केलूसचेच. त्याच्या हातच्या मुद्राचित्रांची संख्या हजारांत जाते. ज्याला पोटासाठी एकही चित्र विकावयाचे नव्हते अशा माणसाने एवढे श्रम करावे, याचे त्या काळच्या दरबारी लोकांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही.

हौशी माणसाला हीच विद्या का जवळची वाटावी, याचे उत्तर तिच्या कृतीत आहे. तांब्यावर चित्र उठविण्याच्या दोन रीती. पहिलीत ‘बुरीन’ नावाचे टोकदार पोलादी हत्यार तळहाताने रेटून धातूतच रेषा कोरावी लागते. हे काम वर्षानुवर्षे उमेदवारी केल्याखेरीज साधत नाही, ते धंदेवाईकाचेच. दुसरी रीत अम्लरेखनाची, जिला आपले चित्रकार ‘एचिंग’ म्हणतात. तिच्यात पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देऊन तो दिव्याच्या काजळीने काळा करतात आणि त्यावर सुईने रेखाटन करतात. सुई तांब्यात शिरत नाही, फक्त थर खरवडते. मग तेजाब ओतले की उघड्या पडलेल्या रेषांपुरतेच तांबे खाल्ले जाते. थर धुऊन काढावा, रेषांत शाई भरावी, पृष्ठभाग स्वच्छ पुसावा आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या यंत्रातून दाबून काढावा, म्हणजे चित्र उमटते. ज्याला कागदावर लेखणीने रेखाटता येते त्याला हे जमू शकते. आपल्या वाचकांना याची कल्पना सहज यावी, कारण गोव्यातील आणि कारवारकडील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे त्यांनी पाहिली आहेत. तेथेही चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो अणकुचीदार हत्याराने खरवडतात आणि खालच्या चुन्याची पांढरी रेषा उघडी पडते. तेथे तेजाब नाही आणि छपाईही नाही. पण वरचे खरवडून खालचे प्रकट करावयाचे ही युक्ती दोन्हीकडे एकच.

फ्रान्समधील राजाश्रित चित्र-शिल्प अकादमीत अशा लोकांसाठी मानाच्या जागा राखलेल्या होत्या. जो स्वतः धंदेवाईक कलावंत नाही, पण कलेवर ज्याचे प्रेम आणि ज्ञान आहे, तो ‘अमात्योर’. हा शब्दच मुळी प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. केलूस १७३१ साली अशा जागेवर निवडून आला, आणि १७४८ मध्ये त्याने अकादमीपुढे अमात्योराच्या कर्तव्यांवर एक व्याख्यानच दिले. ज्याला कलेविषयी बोलावयाचे आहे त्याने प्रथम स्वतः रेखाटावे, नकला कराव्या, हाताला सवय लावावी, हा त्याचा आग्रह होता. हा आग्रह मला मोलाचा वाटतो. आमच्या धंद्यात ज्याने कधी एक दावा स्वतः लिहून काढला नाही त्याने दुसऱ्याच्या कैफियतीवर शेरे मारू नयेत असा अलिखित नियम आहे. टीकेच्या प्रांतातही तो असावयास हरकत नाही.

आता मुख्य ग्रंथाकडे वळू. त्याचे पान उघडल्यावर प्रथमदर्शनी निराशाच होते. एकेका पानावर दिवे, पात्रांच्या मुठी, कांस्याच्या बोटभर मूर्ती, मातीच्या भांड्यांचे तुकडे अशा लहानसहान वस्तू क्रमांक घालून मांडलेल्या. समोरून एक दर्शन, बाजूने दुसरे. रेषा साधी, छाया जेमतेम. चित्र म्हणून भिंतीवर लावावे असे त्यांत फारसे काही नाही. अपोलो किंवा व्हीनस यांचे भव्य पुतळे शोधणाऱ्याला येथे शोधूनही सापडावयाचे नाहीत. हे दारिद्र्य नव्हे, तो संकल्प आहे. इटलीत त्याच्यासाठी वस्तू शोधणाऱ्या पाच्याउदी या धर्मगुरूला त्याने पत्रातून बजावले होते की मला मिरवावयाचे संग्रहालय करावयाचे नाही. शोभेच्या वस्तू नकोत, दगडाच्या, कांस्याच्या, मातीच्या, काचेच्या चिंध्या पाठवा, मात्र प्राचीनांचा एखादा रिवाज किंवा एखाद्या ग्रंथकाराचे एखादे वाक्य त्यांच्या योगाने उलगडले पाहिजे. आलेली वस्तू तो मोजी, तिची उंची-रुंदी नोंदवी, धातू आणि घडण तपासी, रेखाटून घेई, आणि काम झाले की संग्रह राजाच्या पुराणवस्तुभांडारात देऊन टाकी. आज तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणी-पदके विभागात आहे. हा गवसा नव्हता हे एवढ्यावरूनच सिद्ध होते.

या सर्व उद्योगामागे एक विचार होता. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला तुलना ही पदार्थवैज्ञानिकाच्या निरीक्षणासारखी व प्रयोगासारखी आहे, असे त्याने पहिल्याच खंडात मांडले. एक वस्तू एकटी मुकी असते. तिच्याजवळ दुसरी ठेवली की दोघी बोलू लागतात. पण रोममधील दिवा आणि मार्सेयमधील दिवा शेजारी ठेवावयाचे कसे? मुद्राचित्रांच्या पानावरच ते शक्य होते. म्हणून त्याच्या ग्रंथात चित्र हे लिखाणाची सजावट राहत नाही. युक्तिवाद चित्रातच चालतो आणि लिखाण त्याच्या मागून येते. समर्पणात त्याने कबूल केले आहे की पूर्वी आपण या अवशेषांकडे केवळ कलेच्या दृष्टीने पाहत होतो. पुढे विद्वानांच्या सहवासाने त्यांत इतिहास, उपासना आणि चालीरीती दिसू लागल्या. सरदाराच्या लेखणीतून असा कबुलीजबाब निघणे ही साधी गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, मग पिरानेसीचे काय? पिरानेसी (१७२०–१७७८) हाही अम्लरेखक, आणि केलूसचा समकालीन. रोमच्या भग्न कमानी, स्नानगृहे, समाध्या यांची त्याची प्रचंड मुद्राचित्रे पाहून आजही ऊर दडपून जातो. कला म्हणून केलूसच्या पानांची त्यांच्याशी तुलना संभवत नाही, आणि मी ती करणारही नाही. परंतु पिरानेसीची चित्रे पाहून रोमला गेलेल्या अनेकांना प्रत्यक्ष अवशेष खुजे वाटले. जर्मन महाकवी गटे यानेही तसे नोंदविले आहे. पिरानेसी हा थोर वकील आहे. तो आपल्या पक्षकाराची, म्हणजे रोमची, बाजू अशा आवेशाने मांडतो की न्यायाधीश भारावून जावा. केलूस हा साक्षीदार आहे. तो अडखळतो, त्याच्या बोलण्याला रंग नाही. पण जे पाहिले तेवढेच सांगतो. मूळ दस्तऐवज हरवला किंवा नष्ट झाला तर त्याची खरी नक्कल न्यायालय दुय्यम पुरावा म्हणून स्वीकारते, वकिलाचे भाषण मात्र कधीच पुरावा ठरत नाही. केलूसची पाने अशा खऱ्या नकला आहेत. फ्रान्समधील गावोगावच्या अवशेषांसाठी त्याने रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी अभियंत्यांची रेखाटने मिळविली. रस्त्याच्या आखणीसाठी गेलेला अभियंता वाटेतल्या जुन्या भिंतीचे मोजमाप घेऊन येतो आणि ते पॅरिसमध्ये तांब्यावर चढते, ही कल्पनाच मला फार मनोहर वाटते.

येथवर केलूसची जमेची बाजू झाली. आता खर्चाची पाहू. १७५७ साली त्याने होमर आणि व्हर्जिल यांच्या महाकाव्यांतून चित्रकारांनी कोणकोणते प्रसंग रंगवावे याची एक जंत्री प्रसिद्ध केली. एवढ्यावर न थांबता, ज्या काव्यातून अधिक चित्रे निघतात ते काव्य थोर, अशी मोजपट्टीही त्याने सुचविली. लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’ या ग्रंथात या मोजपट्टीचे तुकडे केले. या हिशेबाने मिल्टन हा दरिद्री कवी ठरेल, असे त्याने दाखवून दिले. आणि काव्य कालात वाहते, चित्र अवकाशात स्थिर असते, हा दोहोंमधील मूलभूत भेद मांडला. लेसिंगचे म्हणणे रास्त होते. दिव्याची मूठ मोजताना जो मनुष्य एवढा सावध, तोच कवी मोजू लागताच बेसावध झाला. कारण उघड आहे : दिव्यापुढे तो विद्यार्थी होता, चित्रकारांपुढे तो आश्रयदाता होता.

दिदरोचा राग तर याहून खोल होता. केलूस वारल्यावर त्याच्या समाधीवर एक प्राचीन पात्र बसविण्यात आले, तेव्हा दिदरोने त्यावर दोन ओळींचा बोचरा मृत्युलेख रचला. आणि १७६७ च्या प्रदर्शनावर लिहिताना साऱ्या अमात्योर जातीवरच त्याने कोरडे ओढले. त्याची तक्रार अशी की ही श्रीमंत मंडळी कलावंताच्या खोलीत घुसतात, त्याची कीर्ती करतात किंवा बुडवितात, आणि गरीब कलावंताला त्यांच्या मर्जीवर जगावे लागते. या तक्रारीत वैयक्तिक वैर होतेच. प्राचीनांच्या मेणरंगांच्या कृतीवरून १७५५ साली दोघांत वाद पेटला होता. तरीही वैर वजा करून जे उरते ते खरे आहे. आपल्या समाजात देणगीदाराचे नाव दगडावर आणि गवंड्याचे नाव कोठेच नाही, हे पाहिलेल्या माणसाला दिदरोचा राग समजावून सांगावा लागत नाही.

मादाम द पाँपादूर (१७२१–१७६४) हिचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. राजाचा रत्नकोरक झाक गे याने प्राचीन पद्धतीने कोरलेल्या रत्नांवरून तिने स्वतः अम्लरेखने केली. १७५५ च्या सुमारास त्यांचा बावन्न चित्रांचा संच थोड्या निवडक लोकांसाठी छापला गेला. रत्नांवरून रेखाटने करून दिली ती मुख्यतः बूशेसारख्या निष्णात चित्रकाराने. तांब्यावर सुई चालविली ती बाईंनी. रेषा काही ठिकाणी कापरी आहे, खोली कमी आहे. पण राजाच्या प्रियेने काजळी आणि तेजाब यांत बोटे घालावी, आणि संचाच्या शीर्षकात रत्नकोरकाचे नाव स्वच्छ छापावे, यात मला कारागिरीविषयी आदर दिसतो. हा हौसा खरा. मात्र प्रामाणिक हौसा.

या हौशी मुद्राचित्रांचा पुढील कलेला उपयोग झाला की नाही? झाला, पण कधीकधी आडवाटेने. हर्क्युलेनियम आणि आसपासच्या उत्खननांची चित्रे नेपल्सच्या राजाने १७५७ पासून मोठ्या खंडांत काढली. ते खंड प्रथम विकत मिळत नसत, राजाच्या भेटीदाखलच मिळत. त्यांतील मदनबालके विकणाऱ्या स्त्रीच्या मुद्राचित्रावरून व्हिएँ या चित्रकाराने १७६३ मध्ये आपले प्रसिद्ध चित्र रंगविले. व्हिएँ हा केलूसने पुढे आणलेला, आणि दाव्हिद हा व्हिएँचा शिष्य. अशा रीतीने काळ्या-पांढऱ्या पानांतून फ्रेंच चित्रकलेत प्राचीनांचा साधेपणा शिरला. यात केलूसने दिलेल्या आज्ञांपेक्षा त्याने आणि इतरांनी उपलब्ध करून दिलेल्या पानांचा वाटा मोठा, असे मी समजतो.

या कथेचा एक धागा आपल्या प्रदेशापर्यंत येतो. आंकतिल-द्यूपेराँ हा तरुण फ्रेंच अभ्यासक पारशी धर्मग्रंथांच्या शोधात १७५५ ते १७६१ या काळात भारतात हिंडला. त्याला पाठिंबा देणाऱ्या विद्वानांत केलूस एक होता. हा मनुष्य गोव्यावरून घाट चढून मराठी मुलूख ओलांडून सुरतेला गेला, आणि वाटेत पाहिलेल्या वेरूळच्या लेण्यांचे वर्णन त्याने १७७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आले. पुढे १७९० च्या दशकात पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट याने त्याच लेण्यांवर लेख लिहिला. त्याच्यासाठी लेण्यांची रेखाटने केली ती गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने. गंगारामाची रेखाटने आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत. मॅलेट हा आपल्या अर्थाने हौशीच. परंतु वेरूळ आज आपण त्या काळच्या डोळ्यांनी पाहू शकतो ते गंगारामाच्या हातामुळे. दिदरो असता तर त्याने हे नाव मोठ्या अक्षरांत लिहा म्हणून बजावले असते, आणि केलूसनेही या वेळी त्याला दुजोरा दिला असता असे मला वाटते.

हे सारे मी इतक्या अगत्याने का लिहिले, त्याचे कारण सांगून लेख संपवितो. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाच्या एका देवळाचा जीर्णोद्धार झाला. समितीच्या कागदपत्रांचे काम माझ्याकडे होते. देवाच्या दागिन्यांची यादी तोळ्या-मासापर्यंत काटेकोर होती. भिंतीवरच्या कावी चित्रांची नोंद एका ओळीचीही नव्हती. गिलावा काढला गेला आणि त्याबरोबर हत्ती, वेली, दशावताराची पट्टी, सारे मातीत गेले. मंडपाचे जुने नक्षीदार दगड भरावात टाकले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. नवे देऊळ देखणे झाले आहे आणि देवाचे काही अडलेले नाही. कायदेशीर चूक तर एकही झाली नाही, कारण सर्व कागद मीच तपासले होते. आणि ज्या दोन महिन्यांत त्या भिंती उभ्या होत्या, त्या काळात एक वही आणि एक पेन्सिल घेऊन तेथे बसावे हे समितीतल्या कोणालाही सुचले नाही; मलाही नाही.

भग्न मूर्ती पूजेस वर्ज्य आहे, तिचे विसर्जन करावे, हे शास्त्र मला मान्य आहे. पण विसर्जनापूर्वी तिचे रेखाटन करू नये असे कोणत्याही शास्त्राने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या गावांत चित्रकलेचे मास्तर आहेत, निवृत्त ओव्हरसियर आहेत, शाळेत जाणारी हुशार मुले-मुली आहेत. त्यांच्या रेषा कापऱ्या असतील. केलूसच्या खंडांतील कित्येक रेषा साध्या आणि कोरड्याच आहेत, तरी अडीचशे वर्षांनंतर त्यांच्या आधाराने विद्वान काम करीत आहेत. अशा माणसाने मोजपट्टी घेऊन देवळात यावे, जे दिसते तेवढेच काढावे, खाली तारीख आणि माप लिहावे, आणि कारागिराचे नाव ठाऊक असल्यास तेही लिहावे. त्याच्या त्या वहीला कोणी ‘चालायचेच’ म्हणू नये; दागिन्यांच्या यादीशेजारी, त्याच कपाटात, तिला जागा द्यावी.